पोकळ पाठीची लोखंडं

माझी बायको विमल गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला कालव्यावरचे माझे एक जुने सहकारी आले होते. आता त्यांना दोघांनी धरून आणावं लागतं, तरी आले. जेवणं झाल्यावर अंगणातल्या खुर्चीत बसून, अगदी चांगल्या मनाने ते म्हणाले, "वहिनी गोल्फ खेळायच्या, नाही का हो साळवे? त्या सवलतीच्या काठ्यांनी."

बाकीचे हसले. मीही बहुधा हसलो असेन. मला जागच्या जागी उत्तर सुचत नाही. त्यासाठी मला कागद लागतो आणि वेळ लागतो. आता दोन्ही आहेत.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कालव्याच्या बांधकामाच्या आठवणी मागितल्या होत्या. कालवा जागेवर आहे. ज्याला बघायचा त्याने जाऊन बघावा. त्या काठ्या मात्र कुठे उरलेल्या नाहीत, आणि त्यांची पारख करण्याचं काम माझ्या माहितीप्रमाणे सबंध जिल्ह्यात एकट्या माझ्याकडे होतं. तेव्हा लिहायचं तर तेच लिहितो. बायको गेल्यापासून माझं लिहिणं फार सावकाश चालतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

परभणी जिल्ह्यात गोल्फ म्हटलं की लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. पण होतं. सत्तरच्या दशकात झरीच्या पुढे कालव्याच्या कामासाठी आमची वसाहत उभी राहिली: पत्र्याची गोदामं, कचेरी, शाळा, दवाखाना, चाळी आणि थोडे बंगले. वसाहतीच्या मागे सरकारने घेतलेली, पण काम न पोचलेली बरीच जमीन पडीक होती. आमचे मोठे साहेब, म्हणजे अधीक्षक अभियंता, तरुणपणी सैन्यात होते आणि तिथे त्यांना या खेळाचा नाद लागला होता. त्यांनी त्या पडीक रानाचं मैदान केलं आणि एक क्लब काढला.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिंबाएवढा टणक चेंडू जमिनीवर ठेवायचा, काठीने मारायचा, आणि लांबच्या एका खळग्यात कमीत कमी फटक्यांत घालायचा. मग पुढचा खळगा. एवढंच. मोठ्या शहरांत खळग्याभोवती हिरवळ असते म्हणतात. आमच्याकडे रेतीचे गोल होते, आणि वाऱ्याने रेती उडू नये म्हणून तिच्यात यंत्रांचं जळकं तेल कालवलेलं असे. बाकीचं गवत सखाराम नावाच्या धनगराची मेंढरं आखूड ठेवत. हरवलेले चेंडू तोच पटक्याच्या शेवात बांधून आणून द्यायचा.

"सायब," एकदा तो क्लबच्या सेक्रेटरींना म्हणाला, "तुमी मारायलात कुनीकडं अन् बगायलात कुनीकडं? माजी मेंढरं बी आता तुमच्याकडं पाठ करून चरायलीत."

सेक्रेटरी म्हणजे सबनीससाहेब, कार्यकारी अभियंता. वसाहतीतले सर्वांत चांगले खेळाडू तेच. त्या दिवशी चेंडू मेंढरांत गेला हा अपवाद. त्यांच्याबद्दल पुढे मला बरंच वाकडं लिहायचं आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

मी गोदामाचा स्टोअरकीपर. सिमेंट, सळया, डिझेल, घमेली, फावडी माझ्या ताब्यात. आलेला माल तपासायचा आणि चांगला की टाकाऊ ते सांगायचं, हा माझा धंदा. ताडकळसला आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला. त्यामुळे छापलेलं काहीही हाती आलं की वाचून काढायची खोड लागली होती. सिमेंटच्या पोत्यावरची सूचनासुद्धा मी सोडत नसे. क्लबच्या काठ्या आल्या तेव्हा त्यांच्याबरोबरचं माहितीपत्रक मी शब्दकोश घेऊन वाचलं. हे मोठ्या साहेबांना कळलं, आणि काठ्या माझ्याकडेच राहिल्या.

लांब पल्ल्याच्या काठ्यांचं डोकं लाकडी असतं. पण नवशिक्याचा बहुतेक वेळ लोखंडी डोक्याच्या काठ्यांबरोबर जातो. आम्ही त्यांना नुसतं 'लोखंडं' म्हणायचो. क्लबची जुनी लोखंडं घडीव, पातळ, चाकूच्या पात्यासारखी होती. त्यांना नाव पडलं 'पातं'. पात्याच्या बरोबर मध्यावर चेंडू लागला की हाताला काहीच कळत नाही, लोण्यातून बोट जावं तसं. पण मध्यापासून जरा बाजूला लागला, की काठी मुठीत पिळवटते, कोपरापर्यंत झिणझिण्या जातात आणि चेंडू भलतीकडे फरपटत जातो.

मग दुसरा संच आला. कालव्याचे दरवाजे बसवायला एक परदेशी इंजिनियर आमच्याकडे होता. इतका वाईट खेळणारा आणि इतका आनंदाने खेळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. चेंडू बाभळीत गेला की स्वतःच टाळ्या वाजवायचा. घरी परत जाताना त्याने आपला संच क्लबला देऊन टाकला. ही लोखंडं वेगळी होती. पाठ मधे खोलगट आणि चारी बाजूंनी जाड काठ, तळही रुंद. पालथं धरलं तर छोटी परातच. म्हणून ती झाली 'परात'.

यातली खुबी अशी. पाण्याची कावड ज्याने खांद्यावर घेतली आहे त्याला माहीत आहे, दोन टोकांना दोन घागरी असल्या की गर्रकन वळता येत नाही. तेच दोन घागरींचं ओझं छातीशी धरलं तर माणूस सहज वळतो. पात्याचं वजन सगळं मधे, छातीशी. बाजूला चेंडू लागला की ते फिरतं. परातीचं वजन काठांवर, कावडीसारखं. चेंडू कडेला लागला तरी ते लोखंड फारसं फिरत नाही. फटका चुकतोच, पण त्याचं वाटोळं होत नाही.

आमच्याकडच्या माणसांना याची जास्त गरज होती, आणि तिचं कारण कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. आम्ही सगळे विटीदांडू खेळून मोठे झालो होतो. विटी उडवायची तर दांडू खालून वर न्यावा लागतो. तो झटका मनगटात मुरलेला. गोल्फचा चेंडू मात्र काठी खाली येता येता मारायचा असतो. त्याला वर चढवायचं काम लोखंडाचा तिरपेपणा करतो. ड्रॉइंग ऑफिसात नकाशे उतरवणारे ट्रेसर रशीदभाई पहिल्या दिवशी पातं घेऊन उभे राहिले आणि चेंडूखालून असा काही दांडू फिरवला की चेंडू तिथेच राहिला आणि चप्पल उडाली.

"मैं तो बराबर उडाया जी," ते म्हणाले. "चप्पलच बीच में आई."

उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला भेगा पडतात. त्यात पात्याची पातळ कड अडकली की मनगटाचा जीव जातो. हिशेब खात्याच्या एका साहेबांनी महिनाभर पात्याने खेळून हात इतका सुजवून घेतला, की सही करताना पेन डाव्या हाताने उजव्या बोटांत बसवायचे. दुखतं म्हणून मात्र एकदाही म्हणाले नाहीत. अधिकाऱ्यांमध्ये हे दुखणं मानाचं समजलं जायचं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बंगल्यातली मंडळी खेळतात हे बघून चाळीतली मंडळीही रविवारी सकाळी मैदानावर येऊ लागली. कारकून, ट्रेसर, कंपाउंडर, शाळेतल्या दोन बाई. त्यातली एक माझी बायको. मोठ्या साहेबांची याला ना नव्हती. सबनीससाहेबांनी मात्र एक नियम केला. मैदानाच्या तोंडाशीच एक कोरडा ओढा होता. पहिल्या टेकाडावरून क्लबच्या लोखंडाने मारलेला चेंडू ज्याने ओढ्यापार नेऊन दाखवला, तोच पुढे मैदानात जाईल. बाकीच्यांनी अलीकडे सराव करायचा. नियम सगळ्यांना सारखा होता. फक्त बंगल्यातली मंडळी नियमाच्या आधीच पलीकडे गेलेली होती.

क्लबची लोखंडं म्हणजे पाती. परातींचा संच सबनीससाहेबांनी शोभेच्या कपाटात ठेवायला लावला होता. रविवारमागून रविवार चाळीतले लोक ओढ्यात चेंडू पाडत राहिले. काही गळाले. विमल गळाली नाही.

तिला या खेळाचं काय पडलं होतं हे मी एकदा विचारलं. ती राणीसावरगावची. गावात शाळेला जाताना कुणाच्या अंगणातून जायचं नाही, कुठे रेंगाळायचं नाही, खाली बघून चालायचं, हे तिने लहानपणीच पाठ केलेलं. ती म्हणाली, "एकदा चेंडू नीट लागला तेव्हा मला मान वर करून बघावं लागलं. माझं काही एवढं लांब गेलेलं मी कधी बघितलं नव्हतं." मग भाकरी उलटत म्हणाली, "अन् मला पलीकडं जायचंय. ते खळगे का लोकांनी सांगायचे आणि आपण ऐकायचे?"

पावसाळा संपता संपता मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. नवशिक्यांसाठी मुंबईहून काठ्या मागवायच्या होत्या. पातं की परात, हे तपासून क्लबच्या समितीपुढे सांगायचं काम माझ्यावर आलं. ज्या जातीचं लोखंड ठरेल तेच क्लबचं नवशिक्यांचं लोखंड. म्हणजे ओढ्याची परीक्षाही त्याच लोखंडाने. मी काय सांगतो यावर चाळ पलीकडे जाणार की अलीकडेच राहणार, हे ठरणार होतं. विमलचंही.

माल तपासायचा तो कसा, हे मला गोदामाने शिकवलं होतं. फावड्याची परीक्षा मऊ मातीत होत नाही. तसंच, चांगल्या फटक्यावरून लोखंडाची परीक्षा होत नाही. मध्यावर लागला तर कुठल्याही लोखंडाचा चेंडू जातो. लोखंड कळतं ते चुकलेल्या फटक्यावरून. पण चूक नेमकी किती झाली, हे कळणार कसं? फटका क्षणात होऊन जातो. त्यावर उपाय रशीदभाईंच्या खिशात होता. ते पानवाले, चुन्याची डबी कायम जवळ. प्रत्येक फटक्याआधी चेंडूला चुन्याचं बोट लावायचं. चेंडू लोखंडाला जिथे लागेल तिथे पांढरा ठिपका उमटतो. तो बघायचा, पुसायचा, आणि चेंडू जिथे जाऊन थांबला तिथे पऱ्हाटीची काटकी रोवायची. पात्याच्या काटक्या नुसत्या, परातीच्या काटक्यांना चिंधी.

सारे नवशिके मारायचे आणि मी ठिपके बघत हिंडायचो. विमलही मारायची. तिचे ठिपके मी सगळ्यांत कडकपणे बघायचो. ती चिडायची. "घरी पण असंच बघा मीठ कमी पडलं का ते," म्हणायची.

काही आठवड्यांत रानच बोलायला लागलं. पात्याच्या काटक्या सगळीकडे विखुरल्या होत्या. काही तर मागेही होत्या. चिंधीवाल्या काटक्या एका पट्ट्यात होत्या. दाट नाही, पण पट्टा दिसत होता. रशीदभाईंनी परातीने पहिला फटका मारला तो त्यांच्या नेहमीच्या विटीदांडूच्या झटक्यानेच. रुंद तळ जमिनीवरून घसरला आणि चेंडू उडाला. ते कितीतरी वेळ काठीकडे बघत राहिले. "साळवेसाब, मैं कुछ नै कर्या. वोइच उड्या!"

परातीचे दोषही मी पाहिले. पावसाळी मातीत तिचा रुंद तळ चिखल उचलतो आणि काठी जड होते. चेंडू उंच जातो, म्हणून वारा असला की कुठेही नेतो. चांगल्या खेळाडूला चेंडू मुद्दाम वळवायचा असतो, तो परातीने नीट वळत नाही. आणि मध्यावर लागल्याचं ते लोण्यासारखं सुख तिच्यात कमी. हे सगळं मी समितीपुढे सांगितलं. न सांगता भागलं असतं, पण मालाचा दोष लपवायचा नाही, ही गोदामाची सवय.

समितीने कचेरीत बसू नये, मैदानावर बसावं, अशी विनंती मी केली होती. काटक्या तिथे होत्या. मोठ्या साहेबांनी मानली. रविवारी सकाळी पहिल्या टेकाडावर खुर्च्या मांडल्या. मोठे साहेब, सबनीससाहेब, हिशेबाचे साहेब आणि दवाखान्याचे डॉक्टर. चाळीतली मंडळी जरा लांब, कडुलिंबाखाली उभी. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. आवाज लहान होता, पण अडखळलो नाही. शेवटी म्हणालो, "शिकणाऱ्या माणसासाठी परातच. याबद्दल मला शंका नाही."

सबनीससाहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "साळवे, परात कशाला असते? कणीक मळायला. हा खेळ माणसाला घडवतो. चुकीला शिक्षाच नसेल, तर माणूस शिकेल कसा?"

"चूक लपत नाही, साहेब," मी म्हणालो. "चुन्यात दिसते. चेंडू कमी पडतो, बाजूला जातो. फक्त पुढचा फटका मारायची संधी राहते. ती राहिली तर माणूस शिकतो."

"हाताला झिणझिण्या आल्याशिवाय कुणी शिकलेलं मी पाहिलं नाही."

त्या वेळी मी जे बोललो ते कुठून आलं मला माहीत नाही. एरवी ते उत्तर मला महिन्याने सुचलं असतं. मी म्हणालो, "शिक्षेने माणूस शिकत असता, साहेब, तर आमचे वाडवडील सगळे पंडित झाले असते."

लिंबाखाली कुणीतरी खाकरलं. डॉक्टर चष्मा पुसायला लागले. सबनीससाहेबांचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "मग सरळ बोलू. तुमच्या घरची मंडळी या लोकांत आहेत. मालाची तपासणी करणाऱ्याने त्या मालात आपला स्वार्थ ठेवू नये, एवढं तुम्हाला ठाऊक असेल."

"आहे," मी म्हणालो. "माझी बायको यांच्यात आहे. तिला पलीकडे जायचं आहे, आणि ती जावी असं मला वाटतं. तुम्ही सगळे चार वर्षं पलीकडे खेळता आहात. पातंच चांगलं, हे ठरवताना तुमचा स्वार्थ नाही असं मी समजायचं का? माझा मी उघड सांगितला आहे. काटक्या रानात आहेत. त्या कुणाच्या बायकोच्या नाहीत."

इथे मोठे साहेब हसले. सबनीससाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "ठीक. मग बाईंनाच दाखवू द्या. परात घ्या, एक फटका, आत्ता, आमच्यासमोर. चेंडू पार गेला तर परात. ओढ्यात पडला तर संच परत कपाटात."

मी नाही म्हणालो. ताबडतोब. एका फटक्यावर लोखंडाची परीक्षा होत नसते, मग तो पार जावो की ओढ्यात पडो. एक पोतं फोडून कुणी रेल्वेच्या सबंध वाघिणीचं सिमेंट पास करत नाही. मी हे समजावत होतो, तेवढ्यात विमल लिंबाखालून चालत आली. पदर कमरेला खोचलेला होता.

"मारते मी," ती म्हणाली.

मी हळूच म्हणालो, "विमल, एका फटक्याने काही सिद्ध होत नाही."

"तुमची परीक्षा काठीची आहे," ती म्हणाली. "माझी माझी आहे."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला शेवट निवांत लिहिता येईल. समितीने दोन्ही जातींची लोखंडं मागवली आणि आपण दोन्ही बाजू राखल्या असं समाधान करून घेतलं. ओढ्याचा नियम कुणी रद्द केला नाही. तो पाळणंच बंद झालं. वर्ष व्हायच्या आत माझी बदली गंगाखेडकडच्या कामावर झाली. सबनीससाहेबांनी ती करवली असं लोक म्हणायचे. मला तसा पुरावा नाही. तिकडे मैदान नव्हतं. विमलने पुन्हा काठी हातात धरली नाही. मुलं झाली, शाळा वाढली, ती मुख्याध्यापिका झाली, आणि गोल्फ हा आमच्या घरात चेष्टेचा विषय झाला. याचं मला वाईट वाटतं. तिला खेळायला मिळेल अशा गावी बदली मागायची असते, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

त्या काठ्यांच्या बाजूने बोललो याचं मात्र मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या दिवशी अंगणात बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांना सांगायचं राहिलं ते एवढंच. होय, ती सवलत होती. मोठे साहेब सैन्यात शिकले तेव्हा शेजारी उभं राहून हात धरून दाखवणारा शिकवणारा होता, ती सवलत. सबनीससाहेब नियम व्हायच्या आधी पलीकडे होते; ती सवलत. त्यांच्या सवलती डोळ्यांना दिसत नव्हत्या. आमची लोखंडाची होती, पाठीला खोलगट होती, हातात धरून बघता येत होती. म्हणून तिला नाव पडलं.

तर विमलने चेंडू ठेवला. रशीदभाईंनी पुढे होऊन चुना लावला आणि ते थोरल्या बहिणीला म्हणावं तसं पुटपुटले, "बाजी, आराम से." सबनीससाहेब उठून तिच्या अगदी बाजूला येऊन उभे राहिले. तिने दोनदा काठी हलवून बघितली. मला दिसत होतं की ती घाई करणार आहे. तिने घाई केली.

फटक्याचा आवाज ऐकूनच मला कळलं की मधे लागलेला नाही. आवाज बद्द आला. चेंडू उजवीकडे कलत, हवा सोडलेल्या फुग्यासारखा गेला. ओढ्यावर आला तेव्हा उतरायला लागला होता. पलीकडच्या काठावर, अगदी कडेला, धुरळा उडाला. चेंडू एकदा उसळला आणि वरच्या गवतात थांबला.

लिंबाखाली आरडाओरडा झाला. सबनीससाहेबांनी हात वर केला. "थांबा. काठी बघू." त्यांनी लोखंड उलटं करून मोठ्या साहेबांपुढे धरलं. पांढरा ठिपका मध्यापासून चांगला लांब, टोकाकडे होता. "हे बघा. चुकलेला फटका आहे. नशिबाने गेला. हा धरता येणार नाही."

"चुकलेलाच आहे," मी म्हणालो. "म्हणूनच धरायचा, साहेब. पात्याने हा चेंडू ओढ्यात असता. मी इतके दिवस जे सांगतोय ते तुम्ही हातात धरून उभे आहात."

"एका फटक्याने काही सिद्ध होत नाही, असं तुम्हीच आत्ता म्हणालात."

"होय. एकट्याने होत नाही. मागे काटक्या आहेत."

"पण नियमात चुकलेला फटका..." हिशेबाचे साहेब म्हणाले.

"नियमात फक्त पार असं आहे," डॉक्टर म्हणाले. "कसा पार ते नाही."

"नियमाचा हेतू बघायला हवा."

मोठ्या साहेबांनी सिगारेट पेटवली. सगळे एकदम बोलायला लागले. चुकलेला फटका म्हणजे काय, नशीब म्हणजे काय, हेतू म्हणजे काय. मीही त्यात होतो. माझ्याकडे आता बरीच उत्तरं जमली होती. त्या गडबडीत विमलने सबनीससाहेबांच्या हातातून काठी काढून घेतली. हिसकावली नाही, वर्गात मुलाच्या हातातली पाटी घ्यावी तशी घेतली. आणि ती ओढ्यात उतरली.

आमच्या लक्षात आलं तोवर ती पलीकडचा काठ चढत होती. सखारामच्या मेंढरांनी तिला वाट दिली. ती चेंडूपाशी जाऊन उभी राहिली आणि लांबच्या रेतीच्या गोलाकडे बघत राहिली.

"अहो बाई!" सबनीससाहेब ओरडले. "थांबा! अजून निकाल व्हायचाय!"

तिने मागे वळून बघितलं नाही. पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

"तुमचं चालू द्या निवांत. मी तवर पुढं खेळते."

तिने दुसरा फटका मारला. तोही फार चांगला नव्हता. ती त्याच्यामागे चालू लागली.

रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं, चुन्याची डबी खिशात टाकली आणि ओढ्याकडे निघाले. मग कंपाउंडर. मग लिंबाखालची बाकीची मंडळी. परातींची पिशवी माझ्या पायाशी पडली होती. मी त्या मैदानावर तोवर कुणाची पिशवी उचलली नव्हती. मी स्टोअरकीपर होतो, हमाल नव्हतो. मी ती खांद्यावर घेतली.

"साळवे, बैठक संपलेली नाही," सबनीससाहेब म्हणाले.

"माझं सांगून झालंय, साहेब," मी म्हणालो, आणि तिला पुढच्या फटक्याला वेगळं लोखंड लागणार होतं, म्हणून जरा घाईनेच ओढ्यात उतरलो.